पन्नाशीतला पांढरा पट्टा

यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंही लंगडत आलो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आलं. तिळगूळ घेता घेता चौकशा झाल्या. "दोघांचाही पाय एकदम कसा काय मुरगळला?" "भांडण वगैरे झालं की काय?" खरं कारण सांगितलं तर कुणाला पटेना. आम्ही आठवड्यातून दोनदा एकमेकांना उचलून आपटतो आणि त्यासाठी दरमहा पैसेही भरतो! यावर हसणं-खिदळणं झालं. पण निघताना तिघा-चौघांनी हळूच बाजूला घेऊन विचारलं, "खरंच, या वयात जमतं का हो?" त्या तिघा-चौघांसाठी, आणि मनात असून ज्यांनी विचारलं नाही त्यांच्यासाठी, हा लेख.

लेख आम्ही नवरा-बायकोनं मिळून लिहिलाय, म्हणून 'आम्ही'. जिथे एकाचीच फजिती आहे तिथे श्री. किंवा सौ. म्हटलं आहे. श्री. बावन्न वर्षांचे, सौ. अठ्ठेचाळीस. दोघांनाही शाळेतल्या कवायतीनंतर व्यायामाचा फारसा संबंध आला नव्हता. शिकागोच्या उपनगरात राहायचं, गाडीतून उतरून खुर्चीत बसायचं आणि खुर्चीतून उठून गाडीत बसायचं, असा वीस-बावीस वर्षांचा शिरस्ता.

ज्युदोशी आमची ओळख बाकावरून झाली. कन्येला नवव्या वर्षी पार्क डिस्ट्रिक्टच्या ज्युदोच्या वर्गात घातलं. पियानो, भरतनाट्यम, रविवारची मराठी शाळा यांच्या जोडीला हे एक. चार वर्षं तिला नेलं-आणलं, भिंतीलगतच्या बाकावर बसून ऑफिसच्या ईमेल वाचल्या, इतर आईबापांशी शाळांच्या गप्पा मारल्या. समोर मुलं धपाधप पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती. त्यात काही शिकण्यासारखं आहे, आणि तेही आपण, हे डोक्यातही आलं नाही.

मग एका जानेवारीत सौ. ड्राइव्हवेवर घसरल्या. कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेत होत्या. डांबरावर डोळ्यांना दिसतही नाही असा बर्फाचा पापुद्रा होता. पाय गेला, हात आपोआप पुढे आला आणि सगळा भार त्या एका मनगटावर पडला. मनगटाचं हाड मोडलं. प्लेट, स्क्रू, मग सहा आठवडे पोळ्या श्री. लाटणार (त्या वर्षी आमच्याकडे भारताचे नकाशे सोडून सगळ्या देशांचे नकाशे तयार झाले). हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून पहिला प्रश्न केला, "हात टेकून पडलात ना?" थंडीत अशी मनगटं रोजच येतात म्हणाले. गाडीत मागच्या सीटवरून कन्या म्हणाली, "पण आई, तू हात का टेकलास? आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, हात टेकायचा नाही म्हणून."

आम्ही दोघंही गप्प झालो. कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर तेव्हा नाना होते.

नाना म्हणजे सौं.चे वडील. त्याच्या आदल्या वर्षी सांगलीला न्हाणीघरात पाय घसरून पडले. वय चौऱ्याहत्तर, प्रकृती ठणठणीत, रोज सकाळी फिरायला जाणारा माणूस. खुब्याचं हाड मोडलं. इथे रात्री तीनला फोन वाजला. अशा वेळच्या फोनचा आवाज कसा असतो, ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. तिकीट मिळवून तिसऱ्या दिवशी सौ. पोचल्या तेव्हा ऑपरेशन झालं होतं. पण नाना पुन्हा चालले नाहीत. अंथरुणाला खिळले, छातीत कफ झाला, आणि चार महिन्यांत गेले. शेवटपर्यंत एकच म्हणत होते, "काही झालं नाही गं, नुसता पडलो."

नुसता पडलो! अमेरिकेत पासष्टीपुढच्या दर चार माणसांपैकी एक जण दरवर्षी कधी ना कधी पडतो. त्या वयात इजेमुळे जे मृत्यू होतात त्यांत पडणं हेच पहिलं कारण आहे. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, तोल सांभाळणं मंदावतं, आणि बायकांची हाडं पाळी गेल्यावर झपाट्यानं ठिसूळ होतात. हे सगळं आम्ही तेव्हा वाचून काढलं. ज्या गोष्टीनं नाना गेले ती गोष्ट आमच्या मुलीला नवव्या वर्षापासून येत होती, आणि आम्ही बाकावर बसून ईमेल वाचत होतो.

मनगट बरं झाल्यावर, सर्जनची रीतसर परवानगी घेऊन, आम्ही नाव घालायचं ठरवलं. मुलीच्या क्लबात जायची लाज वाटली. तिनंही "प्लीज, तिथे नको" म्हणून हात जोडले. म्हणून पहिल्यांदा दुसरीकडे गेलो. ही आमची चूक झाली, आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण तुम्ही ती करू नये. त्या जागी वर्षभराच्या करारावर सही घेतली. पडायला दोन तास शिकवलं आणि दुसऱ्या आठवड्यात श्रीं.ना पंचवीस वर्षांच्या एका धिप्पाड पोरासमोर उभं केलं. पोरगा बिचारा वाईट नव्हता, पण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की समोरचा माणूस त्याच्या बापाच्या वयाचा आहे. श्रीं.ची एक बरगडी तडकली. तडकलेल्या बरगडीला प्लास्टर नसतं, नुसतं सोसायचं. खोकणं, शिंकणं आणि हसणं वर्ज्य. दीड महिना घरात पुलंचं कथाकथन लावायला बंदी होती. करार मात्र वर्षभर चालूच राहिला.

शेवटी मुकाट्यानं मुलीच्या क्लबात गेलो. तिनं अटी घातल्या. मैत्रिणींसमोर 'बाळा', 'सोन्या' म्हणायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, आणि बाबांनी विनोद करायचे नाहीत. तिन्ही मान्य केल्या. तिथले सेन्सेई, म्हणजे गुरुजी, पोस्ट खात्यातून निवृत्त झालेले, साठी उलटलेले गृहस्थ. त्यांनी आधी आम्हाला बसवून दुखण्यांची यादी विचारली. रक्तदाब, साखर, गुडघे, पाठ, मनगट. सगळं वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "पहिले तीन महिने तुम्हाला कुणीही फेकणार नाही. तुम्ही फक्त पडणार."

पहिल्या दिवशीच्या दोन गोष्टी विसरणार नाही. एक म्हणजे पट्टा. पांढरा पट्टा कमरेला दोनदा गुंडाळून चपटी गाठ मारायची असते. श्रीं.नी धोतराची मारावी तशी मारली. पलीकडे आठ वर्षांचा एक हिरव्या पट्ट्याचा मुलगा उभा होता. तो आला आणि काही न बोलता, आपण मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधतो तशी त्यानं श्रीं.ची गाठ सोडून नीट बांधून दिली. ऑफिसात ज्यांच्या सहीशिवाय कागद हलत नाही त्यांनी वाकून त्याला नमस्कार केला. तसा करावाच लागतो. तिथे वय आणि पगार दाराबाहेर चपलांबरोबर ठेवायचे असतात.

दुसरी गोष्ट बसण्याची. वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी सगळ्यांनी गुडघे मुडपून टाचांवर बसून वाकायचं. जपानी लोक त्याला सेइझा म्हणतात. म्हणजे आपलं वज्रासन! आपल्या घरचीच गोष्ट. पण आमचे गुडघे असे कुरकुरले की शेजारच्या पोरीनं वळून पाहिलं. लहानपणी पाटावर मांडी घालून दोन वेळा जेवणारी आम्ही माणसं. वीस वर्षांच्या खुर्चीनं ते सगळं काढून घेतलं होतं.

पडण्याला 'उकेमी' म्हणतात. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं आपटत नाही. पाठ गोल करायची. मागे हात टेकायचा नाही. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली, पाठ टेकते त्याच क्षणी संबंध हातानं चटईवर चापट मारायची. त्यानं आदळण्याचा जोर एका हाडावर न येता सगळ्या अंगावर पसरतो. श्वास सोडायचा, धरायचा नाही. आधी निजल्या निजल्या चापट, मग बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्यानं. पुढे खांद्यावरून कोलांटी. ऐकायला सोपं, पण पन्नाशीचं मन ऐकत नाही. शरीर मागे झुकलं की हात धावतोच. सौं.ना तर मनगटातली प्लेट आठवायची. उकिडवं बसून मागे पडायचं एवढ्यासाठी त्या सलग तीन आठवडे घाम पुसत नुसत्या बसून राहिल्या. सेन्सेई एकदाही रागावले नाहीत. "मुलांना पडायचं भय नसतं म्हणून ती लवकर शिकतात," म्हणाले, "तुम्हाला भय आहे, म्हणून तुम्ही नीट शिकाल." चौथ्या आठवड्यात एका मंगळवारी सौ. पडल्या. हात मागे गेला नाही. वर छताकडे बघत तशाच पडून राहिल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. मागच्या रांगेतून कन्या धावत आली आणि मैत्रिणींसमोर मोठ्यांदा म्हणाली, "आई, परफेक्ट!"

हे ज्युदो ज्यांनी बसवलं ते जिगोरो कानो मुळात शाळामास्तर होते. जन्म १८६० सालचा, अंगानं किरकोळ, विद्यार्थिदशेत दांडग्या पोरांचा मार खाल्लेले. त्या पायी ते जुजुत्सूचे जुने गुरू शोधत फिरले, आणि १८८२ साली टोकियोतल्या एइशोजी नावाच्या देवळात बारा चटयांच्या जागेत त्यांनी स्वतःची शाळा काढली. तीच कोदोकान. जिवावर बेतणारे डाव सरावातून बाजूला ठेवले आणि पुन्हा पुन्हा सुखरूप पडता येईल असं शिक्षण बसवलं. 'ज्यु' म्हणजे मऊपणा, नमतं घेणं. त्यांचं गणित असं: समोरच्याची ताकद दहा, माझी सात. मी अडवलं तर हरणार. पण तो ढकलत असताना मी मागे सरलो तर त्याचा तोल जातो. तोल गेलेल्या माणसाची ताकद तीनच उरते आणि माझी सात शाबूत राहते. ज्यांनी इथल्या नोकऱ्यांमध्ये वीस वर्षं काढलीत त्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको!

हे सगळं परकं आहे असंही नाही. श्रीं.चे काका तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत घुमलेले. त्यांना फोनवर ज्युदोचा खांद्यावरून फेकायचा डाव सांगितला, तर हसत सुटले. "अरे, ही तर धोबीपछाड! त्यासाठी अमेरिकेत पैसे कशाला भरतोस?" मग म्हणाले, "आम्हाला वस्तादांनी आधी कित्येक महिने नुसती माती खणायला लावली होती." आखाड्याची लाल माती खणून भुसभुशीत करतात, तिच्यात ताक, तेल, हळद घालतात. का, तर पडणाऱ्याला लागू नये आणि खरचटलं तर चिघळू नये. म्हणजे चटई काय नि माती काय, हेतू एकच. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते अशाच मातीत पडून-उठून. आणि ज्युदो आपल्या देशात अलीकडे आलं असंही समजू नका. रवींद्रनाथांनी १९२९ सालीच ताकागाकी नावाचे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात बोलावून मुलामुलींना ज्युदो शिकवायला लावलं होतं.

आता "या वयात?" या प्रश्नाकडे येऊ. कराटे ओकिनावाहून टोकियोला नेऊन रुजवणारे गिचिन फुनाकोशी, तेही शाळामास्तरच. १९२२ साली टोकियोत त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. जगाला माहीत असलेलं त्यांचं काम पन्नाशीनंतरचं. आमच्या सौं.चा आदर्श मात्र केइको फुकुदा. कानोंच्या पहिल्या गुरूंपैकी एकाची ही नात, उंची जेमतेम पाच फुटांच्या आत. १९३५ साली कोदोकानमध्ये दाखल झाली, पुढे सॅन फ्रान्सिस्कोत स्थायिक होऊन बायकांना शिकवू लागली. बायकांना पाचव्या दानपुढे जाऊ देत नसत, म्हणून कितीतरी वर्षं तिथेच अडकून राहिली. तरी शिकवणं सोडलं नाही. २०११ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं तिला दहावं दान दिलं. २०१३ साली गेली, तोवर शिकवत होती. आम्हाला दान-बिन काही मिळवायचं नाही, पण अठ्ठ्याण्णवाशी तुलना केली की अठ्ठेचाळीस एकदम शाळकरी वाटायला लागतं.

ज्यांना खरंच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल. पहिलं, डॉक्टर. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त. बसूनच दिवस गेलेल्या माणसानं आधी तपासून घ्यावं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामात साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा औषधाच्या वेळांबद्दल विचारून घ्यावं आणि पिशवीत ज्यूस ठेवावा. दुसरं, नाव घालण्याआधी एक अख्खा वर्ग बाकावर बसून पाहावा. चाळिशीपुढची माणसं दिसतात का? पडायला किती दिवस शिकवतात? कुणी "आज जोडीनं नको" म्हटलं तर त्याचा मान राखतात का? वर्षाच्या करारावर पहिल्या भेटीत सही करू नये. तिसरं, हार मानायला शिकावं. ज्युदोत चटईवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोनदा थापटलं की तो तत्क्षणी सोडतो. तरुण पोरं लवकर थापटतात. आपल्या वयाचे पुरुष इज्जतीपायी उशिरा थापटतात आणि खांदा दुखवून घेतात. श्रीं.चा खांदा हा त्याचा चालता-बोलता पुरावा आहे. चौथं, दुखलं तर आठवडाभर थांबावं. पंचविशीत दोन दिवसांत भरून येतं त्याला पन्नाशीत दोन आठवडे लागतात. संक्रांतीचं लंगडणं हे हा नियम मोडल्याचं फळ.

ज्युदो सगळ्यांनाच झेपेल असं नाही. गुडघे किंवा मणके फार खराब असतील तर ताई ची पाहावं. संथ चिनी प्रकार, त्यानं वयस्कांचं पडणं कमी होतं हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आयकिडोतही पडायला शिकवतात, आणि त्याच्या बहुतेक शाळांत स्पर्धा नसतात. कराटेत फेकाफेक कमी, लाथा-बुक्के जास्त. तेही बहुतेक वेळ हवेतच.

फायदा काय झाला? वजन थोडं उतरलं, झोप सुधारली. पण खरा हिशेब गेल्या हिवाळ्यात लागला. किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, दोन्ही हातांत पिशव्या, सौ. पुन्हा घसरल्या. या वेळी पिशव्या सुटल्या, हनुवटी आत गेली, गुडघे मुडपले, आणि त्या बुडावर बसून पाठीवर गोल आडव्या झाल्या. गॅलनभर दूध फुटलं, डझनभर अंडी गेली, मांडीवर बश्शीएवढा काळा-निळा डाग पडला. हाड एकही मोडलं नाही. नशीबही असेल, आम्ही पैज लावत नाही. डांबर म्हणजे चटई नव्हे, हे सेन्सेई रोज बजावतात. पण घरी येऊन सौं.नी काही न बोलता नानांच्या फोटोपुढे दिवा लावला.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा तीन महिन्यांपूर्वी झाली. कन्या आता हायस्कूलला आहे, ज्युदो सोडून पळायला लागली आहे. परीक्षेत फेकून घ्यायला कुणीतरी जोडीदार लागतो. आम्ही विचारलं नव्हतं. सकाळी पाहतो तर दारात जुनी पिशवी घेऊन उभी. "आई, मी पडते तुझ्यासाठी," म्हणाली. जिला एकेकाळी झोपलेली असताना गाडीतून उचलून आणायचो तिला सौं.नी कमरेवरून उचलून फेकलं. ती सुंदर पडली. उठून एकमेकींना वाकून नमस्कार केला आणि मग नियम मोडून मिठी मारली. फोटो काढायला बंदी होती, त्यामुळे ते चित्र फक्त श्रीं.च्या डोक्यात आहे.

या उन्हाळ्यात सौं.च्या आई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. वय शहात्तर. त्यांना पडायला शिकवायची आमची छाती नाही. पण एकट्यानं जमिनीवरून उठायचं कसं, ते रोज संध्याकाळी गालिच्यावर करून घेतो. आधी कुशीवर वळायचं, मग हाता-गुडघ्यांवर, मग भक्कम खुर्ची धरून एक पाऊल पुढे, मग उभं. पहिल्या दिवशी दोन मिनिटं लागली, आता वीस सेकंद लागतात. परवा उठून पदर सारखा करत म्हणाल्या, "एवढ्यासाठी जपानी विद्या कशाला हवी होती? जमिनीवर बसून जेवायची पद्धत होती घरात. तुम्हीच हट्टानं डायनिंग टेबल आणवलंत." उत्तर सुचलं नाही. सध्या रविवारची जेवणं आमच्याकडे खाली बसून होतात. येणार असाल तर जरूर या, मात्र उठताना हात आम्ही देणार नाही.